डोकेदुखीच्या पुडीची हकीकत

डोकेदुखीची गोळी जन्मात कधी घेतली नाही अशी बाई आपल्या मंडळात सापडणे कठीण. अशाच एका औषधाची हकीकत येथे देत आहे. ती ऑस्ट्रेलियातली, दूरदेशीची खरी. पण संसार ओढणाऱ्या बायकांची आहे, म्हणून आपल्या स्मरणिकेत तिला जागा असावी असे वाटले.

फिनॅसेटिन हे औषध १८८७ च्या सुमारास जर्मनीतल्या बायर कंपनीने काढले. कंपनी मूळची रंग बनवणारी. त्या धंद्यात उरलेल्या एका टाकाऊ पदार्थापासून हे औषध झाले. त्याने ताप उतरे, दुखणे थांबे. पुढे त्यात अ‍ॅस्पिरिन आणि कॅफीन घालून ए.पी.सी. नावाचे मिश्रण निघाले. आपल्याकडेही ए.पी.सी.च्या गोळ्या होत्या. वडीलधाऱ्यांना नाव आठवेल.

ऑस्ट्रेलियात हे मिश्रण कागदाच्या पुड्यांतून विकले जाई. बेक्स आणि व्हिन्सेंट्स या दोन पुड्यांचा तेथे भारी खप. चिठ्ठी नको, डॉक्टर नको. जाहिराती मुद्दाम गृहिणींना उद्देशून असत. काम करून जीव शिणला, मुलांनी भंडावले, की चहाबरोबर पुडी घ्यावी आणि घटकाभर पडावे, ही १९५० नंतरच्या काळात तेथे रीतच होऊन गेली. काही बाया दिवसाला सहा-सहा पुड्या घेत, कोणी त्याहूनही अधिक.

यात एक मेख होती. कॅफीनने तरतरी येते, पण रोजची सवय झाली आणि ते एक दिवस मिळाले नाही, की त्यानेच डोके ठणकते. मग पुन्हा पुडी! डोकेदुखी पुडीची, आणि उताराही पुडीचाच. रोज दुपारी हिचे डोके का चढते, हे मात्र घरात कोणी विचारले नसावे. पुडी विचारण्यापेक्षा स्वस्त पडते.

इकडे मूत्रपिंडे आतून सडत होती. बराच बिघाड होईपर्यंत मूत्रपिंड कुरकुर करीत नाही. १९५३ साली स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी अशा औषधांवर प्रथम संशय घेतला. ऑस्ट्रेलियात हे प्रकरण धसास लावले ते एका बाईने. डॉ. प्रिसिला किंकेड-स्मिथ मूळच्या दक्षिण आफ्रिकेच्या. १९५८ च्या सुमारास पतीबरोबर मेलबर्नला आल्या. लग्न झालेली बाई म्हणून तेथे सुरुवातीला त्यांना पूर्णवेळ जागा मिळेना! मूत्रपिंडाच्या रोग्यांत पुड्या घेणाऱ्या बायका इतक्या कशा, हे त्यांनी चिकाटीने शोधले. मूत्रपिंडाच्या आतल्या टोकांशी लघवी दाट होते, तसे हे औषधही तेथे दाट होते. तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि ती टोके मरतात. पाणी कमी पिणाऱ्याला धोका अधिक. (प्रवासात आडोसा मिळत नाही म्हणून दिवस दिवस पाणी टाळणाऱ्या आपण बायकांनी हे वाक्य दोनदा वाचावे.)

कंपन्यांनी सहजी ऐकले नाही. अखेर १९७९ साली असली मिश्रणे चिठ्ठीशिवाय विकण्यास तेथे बंदी आली, आणि पुढच्या वर्षांत या रोगाचे नवे रोगी झपाट्याने कमी झाले. त्याच बाई मेलबर्न विद्यापीठात वैद्यकशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या होत्या. २०१५ साली त्या वारल्या. आपल्या देशात फिनॅसेटिनवर बंदी आली १९८३ साली.

त्या औषधाचा एक वंशज मात्र आपल्या घरात आहे. पोटात गेलेल्या फिनॅसेटिनचे शरीरात पॅरासिटामॉल होते आणि दुखणे मुख्यतः तेच थांबवते, हे ब्रॉडी आणि अ‍ॅक्सेलरॉड या अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी १९४८-४९ च्या सुमारास दाखवले. पॅरासिटामॉल बेताने घेतले तर बरेच निर्धोक. धडधाकट मोठ्या माणसाला दिवसाची कमाल मर्यादा चार ग्रॅम, म्हणजे पाचशे मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या. त्यापुढे यकृताला धोका. यकृत आधीच अधू असेल किंवा दारूचे व्यसन असेल, तर मर्यादा याहून कमी, आणि ती डॉक्टरांनीच सांगावी. आता तापाची एक गोळी, सर्दीची दुसरी, अंगदुखीची तिसरी असे आपण घेतो. तिन्हींची नावे निराळी, पण पुष्कळदा तिन्हींत पॅरासिटामॉलच असते. वेष्टनावर तसे छापलेले असते, पण अक्षर इतके बारीक की मला ते चष्मा लावून, खिडकीशी नेऊन वाचावे लागते.