कोड, कूळ आणि कोवळे वय

कोडाने जीव जात नाही आणि ते स्पर्शाने लागत नाही, तरी त्याचा धाक महाराष्ट्रात फार जुना. सुमारे निम्म्या जणांना पहिला पांढरा डाग विशीच्या आत दिसतो, म्हणजे घरात लग्नाचा विषय निघण्याच्या जरा आधी.

कोणत्या कुळांशी सोयरीक करू नये, याची यादी मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात आहे. तीत कोड आणि कुष्ठ शेजारी येतात. आयुर्वेदानेही कोडाचा विचार कुष्ठाबरोबरच केला. मात्र कोड त्वचेपुरतेच राहते, स्रवत नाही, हा भेद सुश्रुताने नोंदवला होता. समाजाने शेजार लक्षात ठेवला, भेद विसरला. १८९८चा कुष्ठरोगी कायदा किंवा १९५५च्या हिंदू विवाह कायद्यातले कुष्ठरोगावरून घटस्फोटाचे कलम (ते २०१९मध्ये वगळले गेले) कोडाला लागू नव्हते. संशयाला कायदा लागत नाही.

आक्षेप कुळावर असल्याने एका मुलीच्या डागाने धाकट्या बहिणीचेही स्थळ अडे. म्हणून लांब बाह्या, पाहुण्यांसमोर न येणे, घराबाहेर अवाक्षर न काढणे. त्यात पथ्य: दही बंद, आंबट बंद. नाशिकसारख्या द्राक्षांच्या मुलुखात वाढत्या वयाला ही शिक्षाच म्हणायची.

उपचारांत मुख्य बावची. नाशिकच्या काष्ठौषधींच्या दुकानांत ती आजही मिळते. बी वाटून किंवा तेल काढून डागावर लावायचे आणि उन्हात बसायचे. ऊन जास्त झाले की फोड येत. बावचीतले सोरालेन १९३३ साली भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी वेगळे केले. १९४८मध्ये इजिप्तच्या एल मोफ्ती यांनी तशाच द्रव्याचा कोडावरचा उपयोग प्रसिद्ध केला आणि पुढे उन्हाची जागा दवाखान्यातल्या दिव्यांनी घेतली. १९९८मध्ये नाशिकला स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठात बावची शिकवणारी आयुर्वेद महाविद्यालये आणि दिव्यांचे उपचार शिकवणारी वैद्यकीय महाविद्यालये एकाच छताखाली आली.

मनावरच्या ओझ्याकडे लक्ष त्याहून उशिरा गेले. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांच्या ‘श्वेता असोसिएशन’ने कोड असलेल्यांना एकत्र आणले, वधू-वर मेळावे घेतले. २००६मध्ये सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘नितळ’ चित्रपटाची नायिका कोड असलेली डॉक्टर होती. मेळाव्यांमुळे एकटेपण घटले, पण कोड असलेल्याने कोड असलेल्याशीच लग्न करावे, हा जुना समज त्यांनी पुरता मोडला असे म्हणवत नाही.