नांव कोणीं सुचवावें?

वैद्यकशास्त्राचें नोबेल पारितोषिक कोणास मिळालें हें दरवर्षीं वर्तमानपत्रांतून सर्वांस कळतें. परंतु ज्या नांवांचा त्यासाठीं विचार होतो, तीं नांवें मुळांत सुचवितो कोण, ह्याची चौकशी आपल्याकडे क्वचितच होते. आमच्या मतें इतिहासाच्या अभ्यासकास हा दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. आणि आपल्या देशापुरतें बोलावयाचें तर कदाचित् अधिकच.

आल्फ्रेड नोबेल ह्यांनीं आपलें मृत्युपत्र २७ नोव्हेंबर १८९५ रोजीं केलें. पुढच्याच वर्षीं ते वारले आणि १९०१ पासून पारितोषिकें सुरू झालीं. वैद्यकाच्या पारितोषिकाचा निर्णय स्टॉकहोम येथील कॅरोलिन्स्का संस्थेकडे आहे. तेथें स्वतःचें नांव कोणासहि पाठवितां येत नाहीं. पूर्वींचे विजेते, स्वीडन व शेजारच्या देशांतील वैद्यकाचे प्राध्यापक, आणि संस्था ज्यांस निवडून आमंत्रण देईल असे इतर देशांतील प्राध्यापक व शास्त्रज्ञ, एवढ्यांसच शिफारशीचा अधिकार. शिफारस जानेवारीअखेर पोहोंचावी लागते, त्या वर्षापुरतीच ती चालते, आणि तिच्यासंबंधींचीं कागदपत्रें ५० वर्षें गुप्त राहतात. एका पारितोषिकांत तिघांहून अधिक भागीदार नसतात, व मृतांच्या नांवाचा विचार होत नाहीं. हे नियम आम्हांस अन्यायाचे वाटत नाहींत. आत्मस्तुतीस बंदी असणें योग्यच. पण त्यांचा परिणाम असा कीं, शोध लावणें संशोधकाच्या हातीं, आणि त्याची वार्ता योग्य ठिकाणीं वेळेवर पोहोंचणें सर्वस्वीं दुसऱ्याच्या हातीं राहतें.

आतां आपल्या देशाकडे पाहूं. रोगांची वाण आपल्याला कधींच पडली नाहीं. यवतमाळ जिल्ह्यांतील बाभुळगांव घ्या, कीं महाराष्ट्रांतील दुसरें कोणतेंहि गांव घ्या; पटकी, हिवताप आणि प्लेग ह्यांची दहशत आपल्या पूर्वजांनीं पिढ्यान्‌पिढ्या सोसली. पटकी आली म्हणजे मरीआईचा गाडा शिवेपार नेऊन सोडावयाचा, एवढाच उपाय खेड्यापाड्यांत लोकांच्या हातीं असे. ह्याच रोगांवरील कांहीं थोर शोध ह्याच भूमींत लागले. रोनाल्ड रॉस ह्यांनीं २० ऑगस्ट १८९७ रोजीं सिकंदराबादेस डांसाच्या पोटांत हिवतापाचे जंतु पाहिले आणि १९०२ चें पारितोषिक त्यांस मिळालें. त्याच १८९७ सालच्या जानेवारींत मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत वाल्डेमार हाफकिन ह्यांनीं प्लेगची लस तयार करून ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली.

हाफकिन ह्यांस पारितोषिक मिळालें नाहीं. त्यांच्या वांट्यास आरोप आला. १९०२ मध्यें पंजाबांतील मुल्कोवाल येथें लस टोंचलेलीं १९ माणसें धनुर्वातानें दगावलीं व दोष त्यांच्या प्रयोगशाळेवर लादण्यांत आला. तो डाग पुसला जाण्यास १९०७ साल उजाडावें लागलें. आणि त्या कामीं लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रांत ज्या शास्त्रज्ञांनीं सह्या करून त्यांची बाजू मांडली, त्यांत स्वतः रॉस होते. जाणत्या माणसाच्या शब्दाचें वजन केवढें असतें तें ह्यावरून दिसतें. परळच्या संस्थेस हाफकिन ह्यांचें नांव १९२५ मध्यें देण्यांत आलें.

काळ्या आजारावर युरिया स्टिबामिन हें औषध शोधून असंख्यांचे प्राण वांचविणारे कलकत्त्याचे उपेंद्रनाथ ब्रह्मचारी ह्यांचें नांव १९२९ सालीं सुचविलें गेलें होतें. त्या वर्षीं पारितोषिक आइकमन व हॉपकिन्स ह्यांस जीवनसत्त्वांवरील कार्याबद्दल मिळालें. हे विजेते अपात्र होते असें कोण म्हणेल? नांव पुढें आलें, तौलनिक विचार झाला, दुसऱ्याची निवड झाली. ह्यांत रुसण्यासारखें कांहीं नाहीं.

खरी खंत वाटते ती शंभुनाथ डे ह्यांच्या हकीकतीनें. हेहि कलकत्त्याचेच. पटकीचे जंतु माणसास नेमके कसे मारतात हें कोडें रॉबर्ट कॉख ह्यांनीं १८८४ मध्यें ते जंतु ओळखल्यानंतरहि पाऊणशें वर्षें सुटलें नव्हतें. डे ह्यांनीं सशाच्या आंतड्याचा एक भाग दोन्हीं टोंकांस बांधून त्यावर प्रयोग केले. आणि १९५९ मध्यें सिद्ध केलें कीं, जंतु गाळून काढलेल्या द्रवानेंहि तो भाग पाण्यानें फुगतो. म्हणजे मारक गोष्ट जंतूंनीं बाहेर टाकलेलें विष ही होय; त्यानें आंतड्यांतून शरीरांतलें पाणी ओढलें जातें. आज बाभुळगांवची कोणतीहि माता जुलाब होणाऱ्या मुलास मीठ-साखरेचें पाणी पाजते. त्या उपचारामागची शरीरक्रिया उलगडण्यास ज्या शोधांचें साह्य झालें त्यांत हा एक प्रमुख होय.

अशा पुरुषाचें नांव पारितोषिकासाठीं एकाहून अधिक वेळां सुचविलें तें जोशुआ लेडरबर्ग ह्या अमेरिकन विजेत्यानें. १९७८ मध्यें पटकीवरील नोबेल परिसंवादास डे ह्यांस स्टॉकहोमला बोलावण्यांत आलें. तेव्हां त्यांस नोकरींतून निवृत्त होऊन पांच वर्षें झालीं होतीं. १९८५ मध्यें ते वारले. स्वदेशांत हयातींत त्यांस कोणताहि मोठा सन्मान लाभला नाहीं. ‘करंट सायन्स’ ह्या भारतीय नियतकालिकानें त्यांच्यावर खास अंक काढला तो १९९० मध्यें.

कोणी म्हणतील, गुण असला म्हणजे तो आपोआप प्रकट होतो; शिफारशीचें एवढें स्तोम कशास? परंतु १९६८ चे विजेते हरगोविंद खोराना व २००९ चे वेंकटरमण रामकृष्णन ह्या दोघांनींहि आपलें कार्य परदेशीं केलें, हें विसरतां कामा नये. तेथें उत्तम साधनें होतीं हें खरेंच. पण शेजाऱ्याचें काम वाचून त्याविषयीं दोन शब्द लिहिणारे जाणते लोकहि होते. आपल्याकडे मात्र सहकाऱ्याची स्तुति करणें ही खुशामत समजली जाते, आणि शोकसभेंत केलेली स्तुति तेवढी कर्तव्य ठरते.

म्हणून आमचें सांगणें आहे तें आम्हां प्राध्यापकवर्गासच. स्टॉकहोमचें आमंत्रण सर्वांस येणार नाहीं. परंतु आपल्या विद्यापीठांत, आपल्या प्रांतांत कोण काय शोधीत आहे तें वाचणें, त्याचें मोल मराठींत व इंग्रजींत मांडणें, आणि जेथें शिफारशीचा अधिकार असेल तेथें तो वेळेवर बजावणें, एवढें तर करतां येईल? डे ह्यांच्याविषयीं खास अंक निघाला तेव्हां तो वाचावयास ते नव्हते.