मलावीची कणगी आणि मक्याचे वाण

मक्याच्या दाण्याचे ढोबळमानाने दोन प्रकार. डेंट दाण्याच्या पोटात मऊ स्टार्च असतो. वाळताना तो आकसतो आणि माथ्यावर खळगा पडतो. फ्लिंट दाणा गोलसर, चकचकीत, बाहेरून टणक. साठवणुकीत हाच फरक मोलाचा ठरतो. सोंडकिड्याची मादी दाणा कुरतडून बारीक भोक पाडते, त्यात एक अंडे घालते आणि चिकट स्रावाने भोक लिंपून टाकते. अळी आतल्या आत दाणा पोखरत वाढते. उबदार हवेत साधारण पाच आठवड्यांत नवा किडा बाहेर पडतो, तोवर वरून काही दिसत नाही. टणक दाण्यात भोक पाडणे जिकिरीचे असते आणि अळीची वाढही संथ होते.

मका सोळाव्या शतकात पोर्तुगीजांमार्फत आफ्रिकेत पोहोचला. विसाव्या शतकात मलावीत, म्हणजे तेव्हाच्या न्यासालँडमध्ये, तो ज्वारीला मागे सारून मुख्य अन्न झाला. तिथल्या शेतकऱ्यांनी टणक दाण्याचे वाण निवडून जपले. या वाणांच्या कणसावरची पाने टोकापर्यंत घट्ट मिटलेली असतात, त्यामुळे उभ्या पिकावर येणाऱ्या सोंडकिड्याला आत शिरणे अवघड जाते. कणसे पानांसकट ‘न्खोक्वे’ या विणलेल्या कणगीत रचली जात. पुढे बायका ती सोलून उखळात कांडत. डेंट दाणा कांडताना फुटून कोंड्यात जातो. टणक दाण्यापासून न्सिमासाठी, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीसाठी, पांढरे पीठ जास्त मिळते.

आर. टी. एलिस यांनी 1959 साली या दोन प्रकारांच्या अन्नगुणांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. तरीही पुढची कित्येक वर्षे भर राहिला तो उत्पादनावर. ऱ्होडेशियात 1960 मध्ये आलेल्या एसआर 52 सारख्या डेंट संकरित वाणांचे पीक भरघोस येई, पण दाणा मऊ होता. मलावीच्या शेतकऱ्यांनी त्यावर आपला तोडगा काढला: संकरित मका विकायचा, देशी मका घरात ठेवायचा. हा हिशेब चोख होता. पुढच्या सुगीपर्यंत कणगीत न टिकणारे जादा पीक घराच्या काय कामाचे?

1974 मध्ये संशोधक डोबी यांनी वाणाची किडीला बळी पडण्याची प्रवृत्ती मोजण्याचा निर्देशांक मांडला. ठरावीक दाण्यांतून किती नवे किडे निघतात आणि त्यांना किती दिवस लागतात, यावर तो बेतलेला आहे. शेतकऱ्यांच्या पारखीला त्यामुळे आकड्यांचे बळ मिळाले. अखेर 1990 मध्ये मलावीने एमएच 17 आणि एमएच 18 हे टणक दाण्याकडे झुकणारे संकरित वाण प्रसारित केले आणि घरी खाण्यासाठीही संकरित मका लावला जाऊ लागला.

दरम्यान नवे संकट आले. मध्य अमेरिकेतला मोठा धान्यभुंगेरा 1970 च्या दशकाच्या अखेरीस टांझानियाच्या ताबोरा भागात शिरला आणि 1990 च्या दशकात मलावीत पोहोचला. तो कणसावरच्या दाण्यांवर विशेष जोमाने वाढतो आणि मक्याचे पीठ करून टाकतो. पानांसकट साठवण्याची जुनी रीत त्याच्यापुढे तोकडी पडली. मका सोलून त्यात कीडनाशक भुकटी मिसळण्याचा सल्ला द्यावा लागला. सिमिट या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या संशोधकांना या भुंगेऱ्याला दाद न देणारे गुण जनुकपेढीतल्या कॅरिबियन वाणांत सापडले आणि केनियात त्यांच्या आधारे पैदास सुरू झाली. मात्र प्रतिकारक दाणाही किडीची वाढ मंदावतो, ती पुरती थांबवत नाही. म्हणून मका नीट वाळवणे आणि कणगी झाडून स्वच्छ ठेवणे कोणत्याही वाणाला चुकलेले नाही.