येरवड्याची चार दप्तरे: हत्याकांड करणाऱ्यास फाशी की आजन्म कारावास?

१/ येरवडा कारागृह म्हटले की इतिहासप्रेमींना १८९८ साली तेथे फासावर गेलेले दामोदर हरी चापेकर आठवतात, १९३२ चा पुणे करार आठवतो. परंतु स्वतंत्र भारतातील एका अवघड प्रश्नाची चार निरनिराळी उत्तरेही याच भिंतींआड नोंदली गेली आहेत. अनेक निरपराधांचे प्राण घेणाऱ्या माणसाचे राज्यसंस्थेने काय करावे? त्याचाही प्राण घ्यावा, की त्याला मरेपर्यंत कोंडून ठेवावे? आजचा थ्रेड त्या चार उत्तरांविषयी.

२/ आधी कायद्याची पार्श्वभूमी. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार, फाशीस पात्र असलेल्या गुन्ह्यात फाशी दिली नाही तर ती का दिली नाही, याची कारणे न्यायाधीशास लिहावी लागत. १९५५ च्या दुरुस्तीने ते बंधन गेले. १९७३ च्या संहितेने तर पारडेच फिरवले. आता फाशी द्यायची असेल तर ‘विशेष कारणे’ नोंदवणे अनिवार्य झाले. जन्मठेप हा नियम ठरला आणि फाशी अपवाद.

३/ पहिले दप्तर रमण राघवचे. १९६५-६६ आणि पुन्हा १९६८ मध्ये मुंबईच्या उपनगरांत झोपड्यांतून व पदपथांवर झोपलेल्या गरीब माणसांवर रात्री जड हत्याराने घाव पडू लागले. गुन्हे शाखेचे रमाकांत कुलकर्णी यांनी तपासाची सूत्रे हाती घेतली. ऑगस्ट १९६८ मध्ये उपनिरीक्षक ॲलेक्स फियाल्हो यांनी राघवला पकडले. त्याने चाळीसच्या आसपास हत्यांची कबुली दिली.

४/ प्रश्न त्याच्या मनःस्थितीचा होता. मुंबईच्या पोलीस शल्यचिकित्सकांनी त्याला निरीक्षणाखाली ठेवले आणि मनोविकार नसल्याचा अभिप्राय दिला. १९६९ मध्ये त्याला फाशीची शिक्षा झाली. त्याने अपीलही केले नाही. पुढे उच्च न्यायालयाच्या आदेशाने तीन मनोविकारतज्ज्ञांचे मंडळ नेमले गेले. देशात अकबराचे, ब्रिटिशांचे आणि काँग्रेसचे अशी तीन सरकारे असून ती सारी आपला छळ करतात, अशी त्याची दृढ समजूत असल्याचे या तज्ज्ञांना आढळले. त्यांनी दीर्घकालीन स्किझोफ्रेनियाचे निदान केले.

५/ १९८७ मध्ये उच्च न्यायालयाने त्याची फाशी जन्मठेपेत बदलली. १९९५ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात मूत्रपिंडाच्या विकाराने तो मरण पावला. एकाच माणसाविषयी वैद्यकशास्त्राने दोन परस्परविरोधी मते दिली होती, हे येथे ध्यानात घ्यावे. पहिल्या मतावर विसंबून दोर ओढला गेला असता, तर दुसरे मत ऐकण्यास आरोपीच उरला नसता.

६/ दुसरे दप्तर जोशी-अभ्यंकर हत्याकांडाचे. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात पुण्यात दहा खून झाले. संध्याकाळ झाली की दारे बंद होत आणि ओळखीच्या हाकेलाही कडी काढण्यास लोक कचरत. भांडारकर रस्त्यावरील बंगल्यात एकाच रात्री पाच जणांचा गळा आवळला गेला. त्यांत काशीनाथशास्त्री अभ्यंकरांसारखे वयोवृद्ध संस्कृत पंडितही होते.

७/ आरोपी निघाले कलामहाविद्यालयातील विद्यार्थी: राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शाह. त्यांचा एक साथीदार माफीचा साक्षीदार झाला. येथे वेडाचा प्रश्न नव्हता, दारिद्र्याची सबबही नव्हती. मुनव्वर शाहने तर तुरुंगात बसून आत्मकथन लिहिले. त्याचे शीर्षकच अपराधाची कबुली देणारे आहे: ‘येस, आय ॲम गिल्टी’.

८/ सत्र न्यायालयाने १९७८ मध्ये फाशी सुनावली. २७ नोव्हेंबर १९८३ रोजी चौघेही येरवड्यात फासावर गेले. फाशीच्या समर्थकांचा सर्वांत भक्कम आधार हाच खटला आहे. अपराध निर्विवाद होता, हेतू थंड डोक्याचा होता, बळी असहाय होते. त्या शहरास मिळालेला दिलासा खोटा होता, असे कोणीही प्रामाणिक माणूस म्हणणार नाही.

९/ याच दरम्यान, मे १९८० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने बच्चनसिंग खटल्यात फाशी घटनात्मक ठरवली, पण ती ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरणापुरती मर्यादित केली. न्या. भगवती यांनी मात्र भिन्नमत नोंदवले. कोणाला फाशी मिळेल हे गुन्ह्यापेक्षा न्यायपीठाच्या रचनेवर अवलंबून राहील, ही त्यांची मुख्य चिंता होती. पुढच्या दोन दप्तरांत या चिंतेचे आणखी एक रूप दिसते. तेथे प्रश्न न्यायाधीशांचा नाही, शासनाच्या गतीचा आहे.

१०/ तिसरे दप्तर रेणुका शिंदे व सीमा गावित या बहिणींचे. १९९० ते १९९६ या काळात आई अंजनाबाईसह त्यांनी पश्चिम महाराष्ट्रात व अन्यत्र लहान मुले पळवली. गर्दीत पाकीटमारी करताना पकडले गेल्यास मूल पुढे करून लोकांची दया मिळवायची, आणि मूल अडचणीचे झाले की त्याला संपवायचे, अशी ही रीत होती. तेरा मुलांच्या अपहरणाचे व नऊ हत्यांचे आरोप त्यांच्यावर ठेवले गेले. खटला पूर्ण होण्याआधीच आई मरण पावली.

११/ कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने २००१ मध्ये दोघींना फाशी दिली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्यानंतर दयेचे अर्ज सुरू झाले. राष्ट्रपतींनी ते २०१४ मध्ये फेटाळले, परंतु तोवर जवळपास आठ वर्षे फायली या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिल्या होत्या. जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या अक्षम्य विलंबामुळे फाशी रद्द करून जन्मठेप दिली.

१२/ गुन्हा सौम्य होता म्हणून ही शिक्षा बदलली नाही. न्यायालयाने त्याला घृणास्पदच म्हटले. शासनयंत्रणेच्या अनास्थेपायी ती बदलली. ज्यांची मुले गेली त्या आईबापांच्या जागी स्वतःस ठेवून पाहा. ज्या निकालावर त्यांनी वर्षानुवर्षे डोळे लावले होते, तो एका धूळ खात पडलेल्या फायलीमुळे बदलला.

१३/ चौथे दप्तर अजमल कसाबचे. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात १६६ माणसे मारली गेली. २०१० मध्ये विशेष न्यायालयाने फाशी दिली, ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, नोव्हेंबरच्या प्रारंभी दयेचा अर्ज फेटाळला गेला आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात कमालीच्या गुप्ततेत फाशी दिली गेली. हल्ल्याला चार वर्षे पूर्ण होण्यास अजून पाच दिवस बाकी होते.

१४/ आता तिसरे आणि चौथे दप्तर शेजारी ठेवा. राज्य तेच, कारागृह तेच, दयेच्या अर्जाची वाटही तीच. एका ठिकाणी निर्णयास काही आठवडे लागले, दुसऱ्या ठिकाणी वर्षांमागून वर्षे. ज्या हत्याकांडाकडे साऱ्या देशाचे डोळे लागलेले असतात तेथे फाईल धावते. ज्यांचे बळी गरीब वस्त्यांतील निनावी लेकरे असतात तेथे ती रांगते.

१५/ जानेवारी २०१४ मध्ये शत्रुघ्न चौहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पंधरा कैद्यांची फाशी जन्मठेपेत बदलली. दयेच्या अर्जावरील अवाजवी विलंब आणि मानसिक आजार या दोन्ही कारणांना तेथे मान्यता मिळाली. म्हणजे येरवड्यातील पहिल्या व तिसऱ्या दप्तरांत जे घडले, ते अपघाताने घडलेले नव्हते. तोच आता कायद्याचा मार्ग आहे.

१६/ कारावासाविरुद्धचा आक्षेपही नीट ऐकला पाहिजे. “जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, मग सुटका” अशी लोकसमजूत आहे. ती चुकीची आहे. १९७८ मध्ये आलेल्या कलम ४३३-अ नुसार, फाशीस पात्र गुन्ह्यातील जन्मठेपेत चौदा वर्षे ही सुटकेपूर्वीची किमान मर्यादा आहे. सुटकेचा तो हक्क नव्हे. तरीही भीती निराधार नाही, कारण शिक्षेत सूट देण्याचा अधिकार सरकारच्या हाती असतो आणि सरकारे बदलतात.

१७/ या भीतीला न्यायालयाने उत्तर दिले आहे. २००८ च्या स्वामी श्रद्धानंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फाशी व साधी जन्मठेप यांच्यामधली तिसरी शिक्षा मान्य केली: सुटकेची सूट न देता, नैसर्गिक मृत्यूपर्यंत कारावास. २०१५ मध्ये घटनापीठाने बहुमताने तिच्यावर शिक्कामोर्तब केले. समाजाची सुरक्षितता हा हेतू असेल, तर तो येथे पूर्ण होतो.

१८/ इटालियन विचारवंत बेकारिया याने १७६४ मध्येच मांडले होते की गुन्हेगारास धाक वाटतो तो शिक्षेच्या क्रौर्याचा नव्हे, तिच्या अटळपणाचा. जून १९४९ मध्ये संविधान सभेत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही मृत्युदंड रद्द करण्यास अनुकूल मत व्यक्त केले होते. ही दोन्ही माणसे गुन्हेगाराच्या प्रेमात पडलेली नव्हती. राज्यसंस्थेच्या हाती कोणती सत्ता असावी, याचा त्यांनी विचार केला होता.

१९/ माझे मत असे. जक्कल-सुतार यांच्यासारख्यांना फाशी ‘मिळायला हवी’ की नाही, यावर सज्जनांचे मतभेद राहतील. ‘या माणसाची ती लायकीच आहे’ हे वाक्य खोडणे सोपे नाही. परंतु प्रश्न केवळ गुन्हेगाराच्या लायकीचा नाही, दोर हाती घेणाऱ्याच्याही लायकीचा आहे. जी यंत्रणा एका कैद्याच्या मनाविषयी दोन विरुद्ध निदाने करते, आणि एका अर्जाला काही आठवडे तर दुसऱ्याला आठ वर्षे लावते, तिने परत न घेता येणारी शिक्षा स्वतःकडे ठेवू नये.

२०/ मरेपर्यंतचा कारावास हे असे वचन आहे की जे राज्यसंस्था पाळू शकते. त्यात चूक सुधारता येते आणि फाईल रेंगाळली म्हणून शिक्षा बदलत नाही. बळींच्या कुटुंबांना दर काही वर्षांनी नव्या तारखेची वाट पाहावी लागत नाही. येरवड्याच्या या चार दप्तरांपैकी कोणत्या निर्णयाशी आपण सहमत आहात, आणि का? कारणासह लिहा. नुसता संताप नको, विशेष कारणे हवीत. १९७३ पासून कायदा न्यायाधीशाकडेही तेच मागतो.