खांद्यावरचीं नांवें

आमची खडकी ही लष्कराची वस्ती. 5 नोव्हेंबर 1817 रोजीं येथें पेशव्यांचें सैन्य व इंग्रज यांची लढाई झाली; पुढें छावणी वसली व 1869 सालीं दारूगोळ्याचा कारखाना निघाला. त्यामुळें गणवेशाचा अर्थ येथील लहान मुलांसही सांगावा लागत नाहीं. खांद्याकडे पाहिलें कीं हुद्दा कळतो. या ज्युबिलीच्या प्रसंगीं आम्ही वाचकांचें लक्ष दुसऱ्या एका खांद्याकडे वेधूं इच्छितों. तो खांदा इस्राएलचा पहिला प्रमुख याजक अहरोन याचा होय.

त्याच्या पोषाखाचें वर्णन निर्गमाच्या 28 व्या अध्यायांत आहे. निळा झगा, त्याच्या घेराला डाळिंबें व सोन्याचीं घुंगरें. झग्यावर एफोद, छातीवर ऊरपट, मस्तकीं मंदील. एफोदाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक गोमेद मणी असून प्रत्येकावर सहा याप्रमाणें इस्राएलच्या बारा पुत्रांचीं नांवें कोरलेलीं असत. तींच नांवें ऊरपटावरील बारा रत्नांवर पुन्हां असत. शिपायाच्या खांद्यावर त्याचा स्वतःचा हुद्दा असतो. अहरोनाच्या खांद्यावर इतरांचीं नांवें होतीं. खांदा हें भार वाहण्याचें स्थान, आणि हृदय हें मायेचें. या दोन्ही ठिकाणीं लोकांस बाळगूनच याजकानें परमेश्वरासमोर जावें, असा त्या वस्त्रांचा अर्थ आहे.

प्रायश्चित्ताच्या दिवशीं परमपवित्र स्थानांत शिरतांना मात्र तो सोनें व रत्नें उतरवून साधीं तागाचीं वस्त्रें नेसत असे, असें लेवीय पुस्तक सांगतें. पुढें होर पर्वतावर त्याचा अंतकाळ आला, तेव्हां मोशेनें तीं वस्त्रें काढून त्याचा पुत्र एलाजार याच्या अंगावर घातलीं. मगच अहरोन मरण पावला. वस्त्रें त्याच्या मालकीचीं कधींच नव्हतीं.

हें विसरलें म्हणजे काय होतें, तें यहुदी इतिहासकार योसेफस याच्या ग्रंथांत दिसतें. लोकांनीं बंड करूं नये म्हणून हेरोद राजानें प्रमुख याजकाचा पोषाख अंतोनिया किल्ल्यांत ठेवून घेतला. त्याच्यामागून रोमी अधिकाऱ्यांनींही तीच रीत चालविली. सणाच्या सात दिवस आधीं तो बाहेर द्यावयाचा आणि सण आटोपतांच पुन्हां कुलपांत. इ. स. 36 च्या सुमारास सूरियाचा सुभेदार विटेलियस यानें तो याजकांच्या स्वाधीन केला. नांवें वाहण्याचें वस्त्र असें सत्तेची किल्ली होऊन बसलें होतें.

प्रभु येशूचा न्याय झाला तो याच काळांत. प्रमुख याजकानें आपलीं वस्त्रें फाडूं नयेत असा नियम असतां कयफानें तीं फाडलीं. आणि प्रभूचा बिनशिवणीचा अंगरखा मात्र रोमी शिपायांनींही फाडला नाहीं. प्रमुख याजकाचा झगा दोन तुकडे जोडून शिवलेला नसे, असेंही योसेफस लिहितो. खरा याजक कोण, हें त्या अंगरख्यानेंच सांगितलें, असें आम्हांस वाटतें. आदल्याच रात्रीं तो प्रभु वरचीं वस्त्रें काढून, कमरेस रुमाल बांधून, शिष्यांचे पाय धूत होता.

आरंभींच्या ख्रिस्तसभेंत याजकांचा निराळा वेष नव्हता. आज मिस्सेसाठीं घालतात तो झगा मूळचा रोमी लोकांचा प्रवासी अंगरखा. पोप पहिले सेलेस्टिन यांनीं 428 सालीं गॉलच्या बिशपांस लिहिलें कीं, आपली ओळख शिकवणुकीनें व्हावी, पेहरावानें नव्हे. आपल्या देशांत 1969 सालीं साध्या झग्यासह अंगवस्त्र वापरण्याची मोकळीक मिळाली. कापड व बेत बदलत आले. खांद्यावरचा भार तोच आहे.

आमच्या बाप्तिस्म्याच्या वहींतील नांवें हाच आमचा ऊरपट. त्यांत बदली होऊन गेलेले शिपाई आहेत, कारखान्यांतील कामगार आहेत, आणि कित्येक वर्षांत देवळाची पायरी न चढलेलेही आहेत. वेदीपुढें उभ्या असलेल्या आम्हां याजकांचा झगा पाहून, प्रिय वाचकहो, आमचा हुद्दा मोजूं नका. या खांद्यावर आपलें नांव आहे कीं नाहीं, हें आम्हांस निःसंकोच विचारा. तें विचारण्याचा आपणांस पूर्ण अधिकार आहे.