मालाडचा लेखक आणि छोट्या पडद्यावरचा सत्यान्वेषी

बासू चॅटर्जी यांची 'ब्योमकेश बक्षी' ही मालिका १९९३ मध्ये दूरदर्शनवर आली आणि १९९७ मध्ये तिचे दुसरे पर्व झाले. अभिजात रहस्यकथांच्या भारतीय दूरचित्रवाणी-रूपांतरांत तिचे स्थान आजही वरचे आहे. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ती पुन्हा दाखवली, तेव्हा नव्या पिढीनेही ती आवडीने पाहिली. बंगालीतील एक श्रेष्ठ कृती हिंदीत आली, एवढ्यावर तिचा इतिहास बहुधा संपवला जातो. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. कारण या सत्यान्वेषीच्या चरित्रातला एक मोठा टप्पा मुंबईच्या पश्चिम उपनगरांतून आणि पुण्यातून जातो.

शरदिंदू बंदोपाध्याय यांनी १९३२ साली 'पथेर काँटा' लिहून ब्योमकेशला जन्म दिला. पुढची चार-पाच वर्षे कथा येत राहिल्या. १९३८ मध्ये हिमांशू राय यांच्या बोलावण्यावरून शरदिंदू मुंबईस आले आणि मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये पटकथालेखक म्हणून रुजू झाले. 'भाभी', 'दुर्गा' या चित्रपटांशी त्यांचे नाव निगडित आहे. राय १९४० मध्ये निवर्तले, संस्थेत फूट पडली आणि शशधर मुखर्जी, अशोककुमार, रायबहादूर चुनीलाल प्रभृतींनी १९४३ मध्ये शेजारच्याच गोरेगावात 'फिल्मिस्तान' उभारली. मालाड आणि गोरेगाव या दोन लगतच्या स्थानकांच्या परिसरात त्या काळी बंगाली लेखक-कलावंतांची मोठी वस्ती होती. पुढे १९७७ मध्ये गोरेगावातच चित्रनगरी झाली आणि हिंदी-मराठी मालिकांचे मोठे चित्रीकरण-केंद्र तेथे वसले. पडद्यासाठी कथा रचण्याचा व्यवसाय ज्या भूमीत स्थिरावला, तिच्या उंबरठ्यावर ब्योमकेशचा जनक चौदा वर्षे वावरला.

आणि नेमक्या या काळात ब्योमकेश मुका झाला. सुमारे पंधरा वर्षे शरदिंदूंनी त्याची एकही कथा लिहिली नाही. पन्नासच्या दशकाच्या आरंभी 'चित्रचोर'पासून तो परतला. १९५२ मध्ये चित्रपटव्यवसाय सोडून लेखक पुण्यास स्थायिक झाले, ते १९७० मध्ये मृत्यू येईपर्यंत. म्हणजे कोलकात्याच्या गल्ल्यांचा म्हणून ओळखला जाणारा हा नायक उत्तरकाळात मुख्यतः पुण्यात बसून लिहिला गेला. 'शैलरहस्य' या कथेत तर तो महाबळेश्वरीच येऊन पोहोचतो. शिवकालावर बेतलेल्या शरदिंदूंच्या 'सदाशिव' कथाही याच महाराष्ट्रवासाचे फळ होत.

आता रूपांतराकडे वळू. मालिकेचा आरंभ 'सत्यान्वेषी'ने होतो. ही कथा लेखनक्रमात तिसरी, परंतु घटनाक्रमात पहिली. ब्योमकेश आणि अजित यांची भेट तीत घडते. पुस्तकात ब्योमकेश एका मेसमध्ये 'अतुल' या नावाने राहावयास येतो. निवेदक अजितला त्याचे खरे नाव ठाऊक नाही, म्हणून वाचकालाही नाही. पडद्यावर मात्र रजित कपूर दारातून आत येताच प्रेक्षक त्याला नायक म्हणून ओळखतो. शब्दांत लपवता येणारी ओळख चेहऱ्यात लपत नाही. कथेतील एक रहस्य येथे आपोआप गळून पडते, आणि तरीही भाग रंगतो. कारण बासूदांनी भर गुन्ह्याच्या धक्क्यावर दिला नाही. 'रजनीगंधा', 'छोटी सी बात' या चित्रपटांतून मध्यमवर्गाची साधी दैनंदिनी टिपणारी त्यांची दृष्टी मेसमधील खाटा, चहा आणि गप्पा यांवर स्थिरावली.

दुसरा प्रश्न निवेदकाचा. रहस्यकथेत डॉक्टर वॉटसन किंवा अजित हा वाचकाच्या अज्ञानाचा प्रतिनिधी असतो. त्याला जे दिसते पण उमगत नाही, त्यातच कोडे दडलेले असते. कॅमेरा आला की हे काम तोच करतो आणि निवेदक बेकार होतो. के. के. रैना यांचा अजित म्हणूनच निवेदकापेक्षा सोबती म्हणून लक्षात राहतो. गंमत अशी, की शरदिंदूंनीच शेवटच्या काही कथांत अजितकडून निवेदन काढून घेऊन तृतीयपुरुषी निवेदन स्वीकारले होते. 'शैलरहस्य'चा मोठा भाग तर खुद्द ब्योमकेशच्या पत्ररूपाने येतो. पटकथेच्या व्यवसायातील वर्षांचा हा परिणाम असे ठामपणे म्हणण्यास पुरावा लागेल. परंतु मालिकेपुढचा प्रश्न लेखकापुढे आधीच उभा होता, एवढे निश्चित. सत्यवतीच्या भूमिकेत सुकन्या कुलकर्णी ही मराठी अभिनेत्री होती, ही नोंदही येथे हवी.

यावरून मराठीचा विचार मनात येतो. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय-छोटू ही नावे घरोघरी झाली. त्यांपैकी एकालाही छोट्या पडद्यावर ब्योमकेशचे स्थान लाभले नाही. उलट शिवाजी साटम यांच्यासारखा मराठी नट देशभर पोहोचला तो १९९८ मध्ये सुरू झालेल्या 'सी.आय.डी.'मधून, म्हणजे कोणत्याही अभिजात संहितेशी नाते नसलेल्या मालिकेतून.

याचे कारण निर्मात्यांच्या उदासीनतेत शोधणे सोपे आहे, पण मला ते समीक्षेच्या इतिहासात दिसते. शरदिंदू ऐतिहासिक कादंबरीकार म्हणूनही मान्य होते. त्यांचा ब्योमकेश समग्र ग्रंथरूपाने संपादित होऊन घरातल्या कपाटात राहिला. अर्नाळकरांची पुस्तके फिरत्या वाचनालयांतून झिजली आणि अभ्यासक्रमाबाहेरच राहिली. जी संहिता आपण जपली नाही, तिचे रूपांतर कोण करणार? एखादी कृती अभिजात आहे हे पडदा ठरवत नाही; वाचक, संपादक आणि अध्यापक ते आधी ठरवतात, पडदा त्यावर नंतर शिक्का मारतो. रहस्यकथेला वर्गाबाहेर उभे करताना आपण केवळ एक वाङ्मयप्रकार नाकारला नाही. त्याचे पुढचे जन्मही रोखले.