पंतसचिवांचा चौक

गेल्या वर्षी मुलीच्या आग्रहामुळे स्पेन देशी जाण्याचा योग आला. मुलगी आणि जावई माद्रिद शहरी असतात. एका रविवारी सकाळी दहा वर्षांची नात माझा हात धरून मला तिथल्या ‘प्लासा मायोर’मध्ये घेऊन गेली. प्लासा मायोर म्हणजे थोरला चौक. चहूबाजूंनी एकसारखी तिमजली घरे, खाली कमानींचा ओटा, वर ओळीने सज्जे आणि मध्ये फरसबंद मोकळे अंगण. सज्जे २३७ आहेत. कमानींखाली जुनी तिकिटे आणि नाणी विकणारे बसले होते. एक म्हातारा बाजा वाजवीत होता. चौकाच्या मधोमध राजा तिसरा फिलीप ब्राँझच्या घोड्यावर बसलेला आणि त्याच्या पायथ्याशी पोरे पाव खात बसलेली.

नातीने विचारले, “आजोबा, आपल्याकडे आहे असा चौक?”

मी म्हणालो, “आहे की. आमच्या भोरला आहे.”

उत्तर तोंडातून गेले खरे. पण पुढे परत येईपर्यंत ते मला टोचत राहिले. भोरचा चौक मी शेवटचा पाहिला त्याला साठ वर्षांवर काळ लोटला होता. नातीला फुशारकीने सांगितले ते खरे होते की नाही, हे एकदा पाहून यायला हवे होते.

आमचे मूळ गाव वेल्ह्याकडचे, तोरण्याच्या सावलीतले. तोरणा, राजगड, भोरजवळचा रोहिडा हा सारा मुलूख पंतसचिवांच्या भोर संस्थानात मोडत असे. संस्थानचा विस्तार ९२५ चौरस मैलांचा. १९०१ सालच्या खानेसुमारीत लोकसंख्या भरली १,३७,२६८. तालुके पाच. त्यांतल्या चारांची नावे किल्ल्यांवरून पडलेली : राजगड, प्रचंडगड, विचित्रगड आणि सुधागड. पाचवे पवनमावळ. प्रचंडगड म्हणजे तोरणा आणि विचित्रगड म्हणजे रोहिडा, हे वाचकांना ठाऊक असेलच. डोंगरच डोंगर, वरकस जमीन, नाचणी-वरी-भात हे पीक. अशा मुलखाची राजधानी म्हणजे नीरेकाठचे भोर.

१९५८ साली मी आठ वर्षांचा होतो. आजोबा बाजाराला भोरला निघाले आणि मी मागे लागलो. मार्गासनी, नसरापूर, कापूरव्होळ करीत आम्ही भोरला पोहोचलो. बाजार उरकल्यावर आजोबा मला राजवाडा दाखवायला घेऊन गेले. थोरल्या दरवाजापाशी येताच त्यांनी पायांतल्या वहाणा काढून एका बाजूला नीट जोडीने ठेवल्या आणि मला म्हणाले, “पायताण काढ पोरा. राजाचा उंबरा हाय.”

दाराशी बसलेला माणूस हसून म्हणाला, “म्हातारबा, राज जाऊन धा वर्सं झाली की!”

आजोबा म्हणाले, “राज गेलं आसंल. उंबरा हाय न्हवं?”

आम्ही अनवाणी आत गेलो. कोरीव लाकडी खांब, वरती सज्जा, मध्ये उघडा चौक आणि चौकात चौकोनी आभाळ. आत चिटपाखरू नव्हते. आजोबा चौकात उतरलेच नाहीत. खांबाला धरून कडेला उभे राहिले आणि थोड्या वेळाने मला घेऊन बाहेर आले. त्या भल्या थोरल्या दाराशी त्यांच्या वहाणांचा तो एकच जोड पडलेला होता. ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून कधी हलले नाही.

आजोबांचा हा दबकेपणा एका दिवसाचा नव्हता. त्यामागे अडीचशे वर्षांचा इतिहास होता. संस्थानचे मूळ पुरुष शंकराजी नारायण. संभाजी महाराजांच्या वधानंतर औरंगजेबाने सारा मुलूख व्यापला. राजाराम महाराज जिंजीला गेले. त्या पडत्या काळात ज्यांनी मावळात राहून मोगलांशी झुंज दिली आणि गेलेले किल्ले पुन्हा स्वराज्यात आणले, त्यांत शंकराजींचे नाव अग्रभागी आहे. १६९७ साली राजारामांनी त्यांना सचिवपद दिले. सचिव म्हणजे अष्टप्रधानांतला लेखी कारभाराचा धनी. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी या पदावर अण्णाजी दत्तो होते. राजपत्रांतला मजकूर शुद्ध करणे, अधिकउणे काढणे, हे सचिवाचे काम. पण शंकराजींच्या वाट्याला लेखणीपेक्षा तलवारच अधिक आली.

पुढे १७०७ साली औरंगजेब वारला, शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून दक्षिणेत आले आणि शंकराजींपुढे मोठा पेच पडला. ताराबाईंपाशी निष्ठेची शपथ वाहिलेली. इकडे छत्रपतींच्या थोरल्या घरचा वारस दारात उभा. शपथ मोडावी की धन्यावर हत्यार धरावे? दोन्हींतले काहीच न करता त्यांनी देह ठेवला. भोरजवळच्या आंबवड्याला त्यांची समाधी आहे. शाहू महाराजांनी त्या घराण्यावर राग धरला नाही. शंकराजींचा मुलगा नारो शंकर अगदी लहान होता, त्याच्याकडे सचिवपद कायम केले. पुढे पेशवाई बुडाली. १८४८ साली साताऱ्याचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. पण भोरची गादी टिकली.

ज्या राजवाड्याची ही गोष्ट, तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. वाड्यातला चौक हा हवा-उजेडापुरता नसतो. धनी वर बसतो आणि रयत खाली उभी राहते. मधले अंतर किती, हे चौक न बोलता सांगतो. ८ मार्च १९४८ रोजी भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. शेवटचे अधिपती राजे रघुनाथराव. भोर आणि वेल्हे पुणे जिल्ह्यात आले. कागदावर अंतर मिटले. पण आजोबांच्या पायांना ते दहा वर्षांनीही ठाऊक होते.

माद्रिदच्या चौकाची कथा याहून फार निराळी नाही. तो बांधून पुरा झाला १६१९ साली. १६३१, १६७२ आणि १७९० अशा तीन मोठ्या आगी त्याने सोसल्या. सणासमारंभाच्या दिवशी तिथल्या घरवाल्यांना आपलेच सज्जे दरबारी मंडळींसाठी मोकळे करून द्यावे लागत. तिथे बैलांच्या झुंजी झाल्या, राज्यारोहणाचे सोहळे झाले आणि १६८० साली राजा दुसरा कार्लोस याच्या डोळ्यांदेखत धर्मन्यायासनाने पाखंडी ठरवलेल्या माणसांना शिक्षाही सुनावल्या. त्या दिवसाचे एक भले मोठे चित्र प्रादो संग्रहालयात आहे. सज्ज्यासज्ज्यात माणसे खच्चून भरलेली. त्याच सज्ज्यांखाली मी नातीबरोबर पाव खाल्ला होता.

त्या चौकाचे नावही वेळोवेळी पालटले. १८१२ साली राज्यघटना आली, तो ‘राज्यघटनेचा चौक’ झाला. १८१४ साली राजा परतला, तो ‘राजाचा चौक’ झाला. १९३१ साली प्रजासत्ताक आले तेव्हा कुणीतरी त्या ब्राँझच्या घोड्याच्या तोंडातून स्फोटक आत टाकले. घोड्याचे पोट फुटले आणि आतून चिमण्यांची हाडे बाहेर पडली, असे सांगतात. शेकडो वर्षे पाखरे उघड्या तोंडातून आत जात होती आणि त्यांना बाहेरची वाट सापडत नव्हती. पुढे पुतळा दुरुस्त करून ते तोंड बुजवून टाकले. नातीला ही गोष्ट सांगितल्यावर ती बराच वेळ घोड्याकडे पाहत राहिली.

परत आल्यावर मी चैत्राची वाट पाहिली आणि रामनवमीला भोरला गेलो. राजवाडा आजही पंतसचिव घराण्याचाच आहे. आणि तिथला रामजन्माचा उत्सव संस्थानी काळापासून चालत आलेला आहे. एरवी या वाड्यात सिनेमावाल्यांची वर्दळ असते. मला त्याचे वावडे नाही. जुने लाकूड राखायला पैसा लागतो आणि तो आभाळातून पडत नाही. पण सिनेमातल्या वाड्यात राजा पुन्हा वर बसतो आणि रयत पुन्हा खाली उभी राहते. खरे काय झाले ते त्या पडद्यावर कुठून दिसणार? म्हणून मला रामनवमीच पाहायची होती.

दुपारचे बारा वाजायला आले होते. आत पाऊल ठेवले आणि क्षणभर मला ओळखच पटेना. ज्या चौकात मी चिटपाखरू पाहिले नव्हते, तिथे तिळाएवढी जागा नव्हती. डोंगरातून आलेले पागोटेवाले म्हातारे, नऊवारीतल्या आज्या, कडेवरची पोरे, कॉलेजातल्या मुली, सगळे मांडीला मांडी लावून बसलेले. कीर्तन रंगात आले होते. माझ्या शेजारची एक बाई लेकराला मांडीवर थोपटीत होती. मी सहज विचारले, “कुठून आलात?”

“वेल्ह्याकडनं,” ती म्हणाली, “दरसाल येतो आम्ही.”

“राजवाडा पाहायला?”

तिने मला वेड्यात काढल्यासारखे पाहिले. “पाळणा म्हणायला!”

बारा वाजले. गुलाल उधळला, पाळणा हलला आणि सारा चौक एका सुरात गाऊ लागला. वर चौकोनी आभाळात पारव्यांचा थवा उठला, एक घिरटी घालून निघून गेला. मला माद्रिदच्या घोड्याची आठवण झाली. या चौकाला वरचे तोंड उघडे होते, हे केवढे बरे!

प्रसंगाला बाध न आणता एक गोष्ट सांगायला हवी. उत्सव एका दिवसाचा असतो. वर्षाचे दिवस ३६५. माद्रिदला त्या चौकात रोज कोणी ना कोणी येऊन बसतो, म्हणून तो जिता आहे. आमच्या मुलखात गड आहेत, वाडे आहेत, आणि त्यांच्या नावाने छाती फुगवणारे तर उदंड आहेत. पण भिंती अभिमानाने उभ्या राहत नाहीत, वापराने उभ्या राहतात. राजगडावर पद्मावती माचीला सदर आहे. तिथे पाठ टेकून बसणाऱ्याने एकदा तरी भोरच्या चौकात पाळणा म्हणणाऱ्यांत येऊन बसावे. राज्य कशासाठी होते, त्याचा अर्धा उलगडा तिथे होतो.

सुंठवडा घेऊन मी बाहेर आलो. दाराशी पायताणांचा हा एवढा ढीग! चपला, बूट, वहाणा, पोरांच्या रंगीत सपाता. आत जाताना मीही माझ्या काढून ठेवल्या होत्या. पण त्या राजाच्या धाकाने नव्हे. त्या ढिगात माझा जोड काही केल्या सापडेना. कमरेत वाकून मी शोधत राहिलो. एक पोरगा मदतीला आला. म्हणाला, “आजोबा, खूण काय तुमच्या चपलांची?”

मला खूण सांगता येईना. हसू मात्र आवरेना.

रात्री नातीला फोन केला. म्हटले, “आहे ग. आपला चौक आहे. पुढच्या चैत्रात ये, तुला दाखवतो.”